त्सुनोशिमाचं दीपगृह: पूल ओलांडण्यापासून दिवा लागेपर्यंत

जपानमधल्या त्सुनोशिमा या छोट्या बेटावर मी आजवर चार वेळा गेलो आहे. पहिल्या वेळी रेल्वे आणि बसच्या भरवशावर निघालो, पोचेपर्यंत दुपार कलली आणि मी पायऱ्यांपाशी जातोय तोवर दीपगृहाची वेळ संपली. दुसऱ्या वेळी जानेवारीत गेलो, तर वारा इतका होता की त्या दिवशी कुणालाच वर सोडत नव्हते. तिसऱ्या वेळी पुण्याहून आलेल्या आई-बाबांना घेऊन मे महिन्यात गेलो आणि तेव्हा सगळं जुळून आलं. बाबा वरच्या सज्जात कठड्याला धरून बराच वेळ काही न बोलता उभे होते. त्यानंतर ओळखीच्या मराठी मंडळींनी इतक्यांदा विचारलं की शेवटी सगळं एकदाच नीट लिहून काढलं.

लोक इथे येतात, पुलाचा फोटो काढतात, पलीकडे एक चक्कर मारतात आणि तासाभरात परत फिरतात. माझं सांगणं एवढंच आहे की या बेटाला पूर्ण दिवस द्या आणि अंधार पडून दीपगृहाचा दिवा लागेपर्यंत थांबा. खालचे सगळे टप्पे तेच मनात धरून लिहिले आहेत.

१. आधी नकाशा समजून घ्या

जपानचं मुख्य बेट होन्शू. त्याच्या पार पश्चिम टोकाला यामागुची प्रांत आणि त्यात शिमोनोसेकी शहर. त्सुनोशिमा कागदोपत्री याच शहरात मोडतं. होहोकु नावाचं गाव २००५ साली शिमोनोसेकीत विलीन झालं, तेव्हा बेटही त्याच्यासोबत आलं. पहिला फसवा मुद्दा इथेच आहे. "शिमोनोसेकीत आहे ना, मग स्टेशनवरून रिक्षा-टॅक्सीने जाऊ" असं मनात येतं. प्रत्यक्षात शहराच्या मुख्य भागापासून बेट उत्तरेला, गाडीने तासाभरापेक्षा जास्त अंतरावर आहे.

बेट लहान आहे, सुमारे चार चौरस किलोमीटर. वस्ती मुख्यतः मासेमारीवर जगणारी. 'त्सुनो' म्हणजे शिंग आणि 'शिमा' म्हणजे बेट. बेटाची दोन टोकं बैलाच्या शिंगांसारखी समुद्रात घुसलेली आहेत, त्यावरून हे नाव पडलं. त्यातल्या युमेसाकी टोकावर दीपगृह आहे. दुसरं माकिसाकी, म्हणजे चराईचं टोक, कारण जुन्या काळी तिथे गुरं चरायची. गंमत अशी की बेटाला जवळचं रेल्वे स्थानक आहे कोत्तोई आणि त्या नावाची अक्षरंही बैलाचीच आहेत. ती अक्षरं 'कोत्तोई' अशी वाचायची हे जपानी माणसालाही सांगावं लागतं, इतकं ते नाव अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. तिकीट काढताना किंवा कुणाला विचारताना नाव तोंडी सांगा आणि अक्षरंही फोनवर दाखवा.

२. महिना आणि दिवस निवडा

सगळ्यात चांगला काळ मे महिना, त्याखालोखाल ऑक्टोबर. मेच्या पहिल्या आठवड्यात जपानमध्ये सलग सुट्ट्या असतात, तेवढा आठवडा टाळा. ऑगस्टच्या मध्याला ओबोनच्या सुट्ट्या येतात. आपल्याकडे गणपतीला चाकरमानी गावी जातात तसा सगळा देश तेव्हा घरी जायला निघालेला असतो. बेटावर जायला एकच रस्ता आणि एकच पूल आहे, त्यामुळे अशा दिवशी पुलाच्या अलीकडे गाड्यांची लांबच लांब रांग लागते.

जूनपासून साधारण जुलैच्या मध्यापर्यंत पावसाळा. आपल्या कोकणासारखा कोसळत नाही, पण आभाळ भरलेलं राहतं आणि या जागेचं अर्धं सौंदर्य पाण्याच्या रंगात आहे. इथली वाळू पांढरी आहे, उथळ पाण्यावर ऊन पडलं की हिरवट निळा रंग उजळतो. ढगाळ दिवशी तेच पाणी करडं दिसतं. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वादळांचा हंगाम असतो. हिवाळ्यात समुद्रावरून वायव्येचा बोचरा वारा येतो आणि दीपगृहाचा सज्जा बंद राहण्याची शक्यता वाढते. तरीही जानेवारीत जाणं अगदीच वाया गेलं असं मी म्हणणार नाही, कारण तेव्हा दीपगृहाभोवती नर्गिसाची फुलं फुललेली असतात आणि माणसं फारशी नसतात. फक्त आई-वडिलांना किंवा लहान मुलांना घेऊन तेव्हा जाऊ नका.

सूर्यास्ताची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवा. हा भाग तोक्योच्या बराच पश्चिमेला असल्याने दिवस उशिरा मावळतो: जूनअखेरीस साडेसातच्या सुमारास, डिसेंबरात पाचनंतर लगेच. परतीचं सगळं गणित या एका वेळेवर बसवायचं आहे.

३. वाहनाचं आधी ठरवा, बाकी सगळं नंतर

सगळ्यात जास्त माणसं इथे चुकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मोठ्या शहरांतून येताना शिनकानसेनने, म्हणजे जपानी बुलेट ट्रेनने, कोकुरा किंवा शिन-शिमोनोसेकी गाठायचं. तोक्यो आणि ओसाकाहून येणारी नोझोमी ही जलद शिनकानसेन शिन-शिमोनोसेकीला थांबत नाही. तिथे उतरायचं असेल तर थांबणारी गाडी पाहून घ्या, नाहीतर सरळ कोकुराला या. दोन्ही ठिकाणी स्टेशनजवळ भाड्याच्या गाड्या मिळतात. कोकुराहून, क्यूशू आणि होन्शू बेटांमधल्या कानमोन सामुद्रधुनीवरचा पूल ओलांडून बेटावर पोचायला मला दीड ते पावणेदोन तास लागतात. फुकुओकाला विमानाने उतरणाऱ्यांनी तिथल्या हाकाता स्टेशनवरून शिनकानसेन घ्यावी. कोकुरा तिथून जेमतेम पाव तासावर आहे.

रेल्वेने जायचा मोह होतो, मलाही झाला होता. समुद्राच्या कडेकडेने जाणारा सान-इन मार्ग देखणाच आहे. पण २०२३ च्या जुलैतल्या अतिवृष्टीत त्याच्या या पट्ट्याचं फार नुकसान झालं आणि कोत्तोईच्या बाजूची वाहतूक दीर्घकाळ बंद पडली. नकाशावर रेषा दिसते म्हणून त्यावरून गाडी धावत असेल असं धरून चालू नका. निघायच्या आठवड्यात रेल्वेच्या संकेतस्थळावर कुठून कुठवर गाडी आहे आणि कुठे बदली बस आहे ते पाहा. त्यापुढे बेटावर जाणारी बस दिवसातून मोजक्याच वेळा असते. शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असू शकतं. बसनेच जायचं असेल तर बेटावरून निघणारी शेवटची बस आधी लिहून घ्या आणि मग जाण्याची वेळ ठरवा. आणि बसने जाणार असाल तर रात्री तिथेच राहायची तयारी ठेवा, कारण शेवटची बस दिवा लागायची वाट पाहत नाही.

म्हणून चार माणसं असतील तर भाड्याची गाडी घ्या. त्यासाठी भारतातून निघण्याआधी आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढावा लागतो. आपला परवाना ज्या आरटीओचा आहे तिथे नमुना ४ए भरायचा, परिवहन खात्याच्या 'सारथी' संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. मूळ परवाना, पारपत्र आणि तिकिटाची प्रत जोडायची, शुल्क १००० रुपये. परवाना एक वर्ष चालतो. हातात आल्यावर दोन गोष्टी तपासा: तो १९४९ च्या जिनिव्हा कराराखालचा आहे असं त्यावर छापलेलं आहे ना, आणि नावाचं स्पेलिंग पारपत्राशी अक्षरन् अक्षर जुळतं ना. जपान फक्त १९४९ च्या करारातला परवाना मानतं. माझ्या एका मित्राच्या परवान्यावर वडिलांच्या नावाचा घोळ होता. गाडी देणाऱ्या माणसाने अत्यंत नम्रपणे, पण ठामपणे किल्ली परत घेतली आणि त्यांचा सगळा दिवस स्टेशनवर गेला.

काही देशांच्या परवान्यांचं अधिकृत जपानी भाषांतर करून घेतलं की पर्यटकांना इथे गाडी चालवता येते. त्या यादीत भारत नाही. "भाषांतर करून घे, चालतं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

जे जपानमध्येच राहतात आणि सुट्टीत गावी जाऊन परवाना आणायचा विचार करतात, त्यांनी आणखी एक नियम लक्षात ठेवावा. इथे रहिवासी म्हणून नोंद असेल आणि तुम्ही तीन महिन्यांच्या आत परतलात, तर तो नवा परवाना तुम्हाला चालत नाही. तुम्हाला जपानी परवाना काढावाच लागतो.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची, स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे हात लवकर बसतो आणि गाफीलही लवकर होतो. लाल दिवा असताना डावीकडे वळायचं नाही, 'फ्री लेफ्ट' हा प्रकार इथे नाही. उलटा लाल त्रिकोण आणि त्यावर 'तोमारे' लिहिलेलं दिसलं की चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, रस्ता कितीही मोकळा असो. रेल्वेच्या फाटकापाशीही तसंच, फाटक उघडं असलं तरी थांबून मग पुढे. सहा वर्षांखालच्या मुलाला बालआसन सक्तीचं आहे, ते गाडी ठरवतानाच मागून ठेवा.

नकाशायंत्रात पत्ता टाकत बसण्यापेक्षा ठिकाणाचा दूरध्वनी क्रमांक टाका, इथली यंत्रं त्यावरून जागा शोधतात. पेट्रोलची टाकी शिमोनोसेकीतून निघतानाच भरून घ्या. गावाकडचे पंप संध्याकाळी लवकर बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत. भरणाऱ्याला "रेग्युरा, मानतान" एवढंच सांगायचं, म्हणजे साधं पेट्रोल, टाकी पूर्ण.

४. सोबत काय घ्यायचं

कागदपत्रं: पारपत्र, मूळ भारतीय परवाना आणि आंतरराष्ट्रीय परवाना. गाडी चालवताना तिन्ही अंगावर हवेत, हॉटेलच्या तिजोरीत नकोत. गाडीच्या ठेवीसाठी चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड. इथे राहणाऱ्यांनी रहिवासी कार्ड.

रोख: शंभर येनची दहा-पंधरा नाणी. बेटावरची वाहनतळं, दीपगृहाची देणगी, समुद्रकाठचं शीतपेयाचं यंत्र, सगळीकडे नाणीच लागतात.

कपडे: उन्हाळ्यातसुद्धा वारा अडवणारं पातळ जाकीट. डोक्यावर टोपी असेल तर तिला नाडी हवी. साडी किंवा ओढणी असेल तर वर चढण्याआधी नीट खोचून घ्या. बूट पकड असलेले हवेत, चप्पल घालून वर चढू नका. रात्रीसाठी छोटी विजेरी. भरती-ओहोटीच्या वेळाही पाहून ठेवा, खडकांवर फिरायचं असेल तर त्याचा उपयोग होतो.

५. जेवणाची सोय निघण्याआधी करा

मासे खाणाऱ्यांना इथे स्वर्ग आहे. उन्हाळ्यात स्क्विड, शंखातलं मांस, समुद्री साळिंदर, ताज्या माशांची भातावरची थाळी. बेटाचं वाकामे, म्हणजे खाण्याचं समुद्री शेवाळ, तर फार जुनं नावाजलेलं आहे. आठव्या शतकात ते इथून राजधानी नाराला जात होतं. वाळवलेलं वाकामे इथून नक्की घ्या. पाण्यात दोन मिनिटं भिजवलं की फुगतं. आईने त्याची काकडीसारखी दह्यातली कोशिंबीर केली होती आणि ती उत्तम झाली होती.

शाकाहारी माणसाची मात्र अडचण होते आणि ती आधीच स्पष्ट सांगितलेली बरी. भाजीचं सूप, टोफू, उकडलेला मुळा यांतही 'दाशी', म्हणजे चवीसाठी उकळून काढलेला अर्क, असते आणि ती बहुतेक वेळा सुकवलेल्या बोनिटो माशाची असते. "मांस नको" म्हटलं तर मासे येतात, "मासे नको" म्हटलं तरी दाशी राहतेच. म्हणून दशम्या, थालीपीठं, मेतकूट, चिवडा, जे असेल ते सोबत ठेवा. पूल ओलांडण्याआधी, मुख्य रस्त्यावरच कोन्बिनीत, म्हणजे खाण्यापिण्याचं तयार सामान मिळणाऱ्या छोट्या दुकानात, थांबून पांढऱ्या भाताचे गोळे, केळी आणि पाणी घ्या. बेटावर गेल्यावर शोधत बसू नका. भाताच्या गोळ्यात 'उमे' म्हणजे खारवलेलं आंबट फळ असतं, चव आपल्या लोणच्याच्या जवळ जाते आणि शाकाहारी माणसाला त्यातल्या त्यात तेच चालण्यासारखं असतं. भारतातून येताना सामानात मांसाचे पदार्थ आणि ताजी फळं आणू नका. आंबे तर विमानतळावरच काढून घेतील.

६. पूल: थांबायचं कुठे आणि केव्हा

त्सुनोशिमा पूल ३ नोव्हेंबर २००० रोजी खुला झाला. लांबी १७८० मीटर आणि टोल नाही. त्याआधी बेटावर बोटीनेच जावं लागे. हा सगळा किनारा संरक्षित उद्यानाचा भाग असल्यामुळे पूल उंच न बांधता पाण्याजवळ ठेवला आहे आणि वाटेतल्या हातोशिमा नावाच्या छोट्या बेटाला धक्का न लावता तो वळसा घालून पुढे जातो. जे वळण फोटोत इतकं सुंदर दिसतं ते असं आलं आहे.

पुलावर मध्येच गाडी थांबवू नका. फोटोसाठी अलीकडच्या बाजूला आमागासे उद्यान आहे, तिथे गाडी लावा आणि थोडं वर चढून जा. उद्यानातून तुम्ही बेटाकडे, म्हणजे पश्चिमेकडे पाहत असता. सकाळी दहा ते दुपारी बाराच्या दरम्यान ऊन पाठीशी आणि वरून येतं आणि पाण्याचा रंग सगळ्यात खुलतो. संध्याकाळी तिथून सूर्य डोळ्यांवर येतो. म्हणून पूल सकाळी पाहा आणि संध्याकाळ पलीकडच्या टोकासाठी ठेवा.

७. दीपगृहात चढताना

पूल उतरल्यावर बेटाच्या मधून रस्ता सरळ दीपगृहाकडे जातो. आजूबाजूला वाहनतळं आहेत, थोडे पैसे पडतात. वर जाण्यासाठी ३०० येन देणगी, लहान मुलांना काही नाही. सकाळी नऊला उघडतं आणि संध्याकाळी पाचच्या आसपास बंद होतं, हिवाळ्यात त्याहून लवकर. दुपारी तीनच्या आत पायऱ्यांशी असा, म्हणजे माझ्यासारखं बंद दार पाहावं लागणार नाही. वारा किंवा पाऊस फार असेल तर वर सोडत नाहीत. अशा वेळी तिथल्या माणसाशी हुज्जत घालू नका, तासाभराने परत या. कधी कधी वारा पडतो.

हे दीपगृह रिचर्ड हेन्री ब्रंटन या स्कॉटिश अभियंत्याने आखलं. मेइजी काळाच्या सुरुवातीला, १८६८ साली, जपान सरकारने त्याला दीपगृहं उभारण्यासाठी बोलावलं. बंदरं परदेशी जहाजांना खुली झाली होती आणि अंधाऱ्या किनाऱ्यावर जहाजं फुटत होती. पुढच्या काही वर्षांत त्याने देशभर दोन डझनांहून जास्त दीपगृहं बांधली. त्सुनोशिमा त्याच्या इथल्या शेवटच्या कामांपैकी एक. १ मार्च १८७६ ला दिवा पहिल्यांदा पेटला आणि त्याच महिन्यात ब्रंटन जपान सोडून गेला. आपल्या मुंबईत कुलाब्याच्या टोकाजवळचं प्राँग्ज दीपगृह १८७५ सालचं, म्हणजे दोघं जवळजवळ एकाच वयाचे. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरून हात फिरवून पाहिला.

तो हात तुम्हीही फिरवा. बहुतेक दीपगृहं पांढरी रंगवलेली असतात, हे रंगवलेलं नाही. घडीव ग्रॅनाइटचे चिरे तसेच उघडे आहेत. एकावर एक इतके घट्ट बसवलेत की सांध्यात नख शिरत नाही. जपानमध्ये रंग न दिलेलं दुसरं असं दीपगृह म्हणजे सेतो समुद्रातलं ओगिजिमाचं. २०२० साली त्सुनोशिमाला देशाच्या महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला. सोबत इनुबोसाकी, मुत्सुरेजिमा आणि हेसाकी होती. आजही काम करणाऱ्या दीपगृहांना हा दर्जा पहिल्यांदाच मिळाला.

मनोरा सुमारे ३० मीटर उंच. आत १०५ पायऱ्यांचा चक्राकार जिना आहे आणि शेवटी एक अरुंद, जवळजवळ उभी शिडी. जिन्यात एकमेकांना वाट देताना अंग चोरावं लागतं. वरून कुणी येत असेल तर भिंतीला लागून थांबा आणि त्याला आधी उतरू द्या. पाठीवरची मोठी पिशवी गाडीतच ठेवा. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना चक्राकार जिना हळूहळू जमतो, शेवटची शिडी जड जाते. आई जिन्याच्या टोकापर्यंत आली आणि तिथूनच परतली. चक्कर येणाऱ्यांनीही तिथेच थांबावं. शिडी उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवून, उलट्या पावलांनी उतरा.

सज्जात गेलात की पश्चिमेला नुसता समुद्र. खाली काळे खडक, उजवीकडे माकिसाकीचं टोक, मागे गाव आणि दूरवर होन्शूचे डोंगर. वर मान केलीत की दिव्याचं घर दिसतं. आतलं भिंग पहिल्या दर्जाचं, म्हणजे दीपगृहांच्या भिंगांतल्या सगळ्यात मोठ्या प्रकारचं. असं भिंग आता जपानमध्ये फक्त पाच दीपगृहांत उरलं आहे. काचेच्या कंगोरेदार कड्या एकाभोवती एक अशा बसवलेल्या आहेत. एका दिव्याचा चहूकडे पसरणारा उजेड त्या गोळा करतात आणि पट्ट्यांत बांधून समुद्रावर सोडतात. या भिंगाला आठ बाजू आहेत आणि ते सावकाश फिरतं. समुद्रावरून पाहणाऱ्याला दर पाच सेकंदांनी एक पांढरा झोत दिसतो, सुमारे ३४ किलोमीटरपर्यंत. प्रत्येक दीपगृहाचा हा ताल वेगळा असतो आणि खलाशी त्यावरूनच आपण कुठे आहोत ते ओळखतो.

खाली उतरल्यावर शेजारचं छोटं संग्रहालय पाहा. पूर्वी दीपगृहाचे राखणदार तिथे राहत. दिवा आता आपोआप लागतो, पण एकेकाळी इथे माणसं कुटुंबासह राहून रात्र रात्र जागत होती, हे त्या खोल्यांत उभं राहिलं की कळतं.

८. दीपगृहाभोवतीचं बेट

दीपगृहाच्या पायथ्याशी दगडी कुंपणांमधून पायवाटा आहेत. उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, इथे हामायू फुलतो. लांबसडक पाकळ्यांची पांढरी, सुवासिक फुलं. आपल्याकडे बागेत असतो त्या नागदवण्याचाच हा जपानी भाऊ. आईने लांबूनच ओळखला.

माकिसाकीला वारा नेहमी जास्त असतो आणि झाडं फारशी नाहीत, नुसती गवताळ जमीन आणि खडक. शरद ऋतूत, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, खडकांच्या फटींतून दारुमागिकू नावाची फिकट जांभळी शेवंती उगवते. तिची पानं जाड आणि लवदार असतात, खाऱ्या वाऱ्यात टिकण्यासाठी. तोडू नका, वाटेबाहेर पाऊल टाकू नका.

पोहण्यासाठी बेटावर मोठी पुळण आहे, ओहामा. पोहण्याचा हंगाम जुलैच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. ओबोननंतर पाण्यात जेलीफिश वाढतात, तेव्हा नुसतं घोट्याएवढ्या पाण्यात फिरा. कोबाहामा त्याहून लहान आणि शांत आहे.

या समुद्राची एक गोष्ट मला फार आवडते. १९९८ साली त्सुनोशिमाजवळ एक देवमासा मासेमारीच्या बोटीवर आदळून मेला, लांबी अकरा मीटर. शास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा तो आजवर माहीत असलेल्या कुठल्याच जातीत बसेना. २००३ साली ती नवी जात म्हणून जाहीर झाली. शास्त्रीय नाव ओमुरा या जपानी संशोधकावरून आहे, पण जपानीत त्याला 'त्सुनोशिमा-कुजिरा', त्सुनोशिमाचा देवमासा, असंच म्हणतात.

९. रात्र कुठे काढायची

बेटावर मोजकी 'मिन्शुकू' आहेत, घरातच चालवलेली साधी विश्रामगृहं. ताटामी म्हणजे गवती चटयांची जमीन, त्यावरच गादी, सामायिक स्नानगृह, दोन वेळचं जेवण भाड्यात धरलेलं. आरक्षण करताना शाकाहाराचं आधीच सांगा. जमत नसेल तर ते प्रामाणिकपणे नाही म्हणतात, तेव्हा "फक्त झोपायची सोय, जेवण नको" असं विचारा. पुलाच्या अलीकडे समुद्रकाठी हॉटेलही आहे. उन्हाळ्यातल्या शनिवारसाठी काही महिने आधी जागा धरून ठेवावी लागते. रात्री सामायिक स्नानकुंडात उतरण्याआधी बाहेर बसून साबणाने पूर्ण अंघोळ करायची, मग कुंडात जायचं. कुंडात कपडे घालून उतरत नाहीत.

१०. दुसऱ्या दिवशी काय पाहायचं

एकाच दिशेला जा. उत्तरेकडे नागातोच्या बाजूला गाडीने पाऊण तासावर मोतोनोसुमी देऊळ आहे. समुद्राच्या कड्यावरून उतरत जाणाऱ्या १२३ लाल तोरणांची, म्हणजे देवळापुढच्या 'तोरी' कमानींची, रांग. देऊळ १९५५ चं. तोरणं १९८७ पासून पुढच्या दहा वर्षांत भाविकांनी उभारली. दानपेटी जमिनीवर नसून मोठ्या तोरणाच्या माथ्यावर लावलेली आहे आणि नाणं खालून फेकून आत टाकायचं असतं. नाणं आत गेलं की इच्छा पूर्ण होते असं मानतात. मला सात प्रयत्न लागले. शेवटचा रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली तर मागे घ्यावी लागते, म्हणून सकाळी लवकर जा.

दक्षिणेकडे परतत असाल तर वाटेत कावाताना हे उष्ण झऱ्यांचं गाव लागतं. तिथलं 'कावारा-सोबा' म्हणजे तापलेल्या कौलावर वाढलेल्या हिरव्या चहाच्या शेवया. १८७७ च्या बंडात सैनिकांनी कौलावर अन्न शिजवलं, त्या कथेवरून हा पदार्थ सुचला असं सांगतात. वर गोमांस असतं, हे न विसरता आधी विचारा. शिमोनोसेकीत शुक्रवार ते रविवार कारातो मासळीबाजारात सुशीचे ठेले लागतात. तिथून जवळच कानमोनचा पादचारी बोगदा आहे, ७८० मीटर. समुद्राखालून पायी क्यूशूला जाता येतं, चालणाऱ्यांना पैसे नाहीत. पलीकडे मोजीच्या बाजूला १८७२ साली पेटलेलं, ब्रंटनचंच हेसाकी दीपगृह आहे. आत जाता येत नाही, पण ज्याला त्सुनोशिमा आवडलं त्याने ते जरूर पाहावं.

११. एकच दिवस असेल तर

कोकुराहून सकाळी आठला निघा. दहा-साडेदहाला आमागासे उद्यान, मग पूल. अकराच्या सुमारास थेट दीपगृह, जेवणाआधीच चढून घ्या, कारण दुपारनंतर वारा वाढला तर संधी जाते. दुपारचं जेवण बेटावर, नंतर माकिसाकी आणि पुळण. मोतोनोसुमी, कावाताना, कारातो सगळं सोडून द्या. एका दिवसात ते बसवायला गेलात तर बेट हातातून निसटतं. मुलं कंटाळली तर संध्याकाळी पाच ते सहा त्यांना गाडीत झोपू द्या, परत निघू नका.

सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी दीपगृहाच्या खालच्या खडकांजवळ, कुंपणाच्या आतच, जागा धरून बसा. सूर्य समुद्रात बुडतो तेव्हा बरेच लोक टाळ्या वाजवून उठतात आणि गाड्या सुरू होतात. तुम्ही उठू नका. विजेरी जवळ आहे, जाकीट अंगावर आहे, वाहनतळाचे पैसे दिलेले आहेत. आभाळ जांभळं होईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि मग वर काचेच्या घरात काहीतरी हलल्यासारखं होतं. पहिले काही झोत फिकट असतात. अंधार दाटत जातो तसे ते स्पष्ट होत जातात, आठ लांब पट्टे, एकामागोमाग एक, डोक्यावरून समुद्राकडे. आई त्यांच्याबरोबर मनात पाच-पाच आकडे मोजत होती.